घरचा आइस्क्रीम कारखाना वाढवायचा, तर आधी पैसा कुठे घालायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दर्यापूर तालुक्यात मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ) आणि बाबांनी 1994 साली बर्फाच्या कांडीचा कारखाना काढला. आज तिथून कप, कोन, चोकोबार, मटका कुल्फी आणि फॅमिली पॅक निघतात. दोनशेच्या आसपास दुकानांत माल जातो, तीन गाड्या आहेत. मोठे बाबा अजून गल्ल्यावर बसतात, चुलत भाऊ प्लांट बघतो, प्रश्न विचारणारे स्वतः गाड्या आणि विक्री सांभाळतात, धाकटा भाऊ पुण्यातली नोकरी सोडून आला आहे. बँक दीड कोटी द्यायला तयार आहे. कंटिन्युअस फ्रीझर घेऊन अमरावती-नागपूर गाठावं का? मोठ्या कंपन्यांपुढे टिकाव लागेल का?

भाऊ, उत्तर आधी देतो, कारणं मागून. नागपूर आत्ता नको. अमरावती शहरही यंदा नको. कर्ज घ्या, पण दीड कोटी नको. जे घ्याल त्यातला मोठा वाटा दुकानांतल्या डीप फ्रीजवर आणि तुमच्या हार्डनिंग रूमवर, म्हणजे भरलेला माल कडक गोठवायच्या खोलीवर, घाला. मी विदर्भात आइस्क्रीमचे आणि डेअरीचे प्लांट उभे करून देतो, अडलेले चालू करून देतो, त्यामुळे तुमच्यासारखी घरं आतून पाहिली आहेत. गावाकडचा हा धंदा कारखान्यातून किती लिटर निघतं त्यावर वाढत नाही. सकाळी निघालेली गाडी रात्री घरी परतेल एवढ्या पट्ट्यात, मे महिन्याच्या उन्हात, किती दुकानांत थंडी टिकते त्यावर तो वाढतो.

मशीनचं आधी उरकतो. तुमच्याकडे बॅच फ्रीझर आहे, म्हणजे मिक्स ओता, फिरवा, काढा, पुन्हा ओता. कंटिन्युअसमध्ये एकीकडून मिक्स आणि हवा आत जाते आणि दुसरीकडून आइस्क्रीम सतत निघत राहतं. पोत बारीक येतो, हवा मोजून घालता येते, मजूर कमी लागतात. मशीन चांगलंच आहे, वाद नाही. पण दोन्हींतून आइस्क्रीम बाहेर पडतं ते उणे 5-6 अंशांना, सैल. कपात भरून ते उणे 25 ते 30 च्या खोलीत जातं आणि त्याच्या मधल्या भागाला उणे 18 पर्यंत जितक्या लवकर न्याल तितके बर्फाचे कण बारीक राहतात. खोली जुनी, दाराचा रबर गेलेला, कॉइलवर बर्फाचा जाड थर, आणि पुढे तासाला तीनशे लिटर ओकणारं नवं मशीन, असं झालं की माल दारातच तुंबतो. ट्रेवर ट्रे चढतात, मधल्या ट्रेला वारा लागत नाही आणि लाखो रुपयांच्या मशीनचं आइस्क्रीम जुन्यापेक्षा खरखरीत निघतं. हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

म्हणून कोटेशन मागवायच्या आधी एक मोजमाप करा. हंगामात, भर कामाच्या रात्री, मधल्या ट्रेमधल्या एका कपात सळईचं थर्मामीटर खुपसून ठेवा आणि उणे 18 यायला किती वेळ लागला ते लिहा. जोराच्या वाऱ्यात लहान कपाला तीन-चार तास पुरे होतात. तुमच्याकडे अख्खी रात्र जात असेल तर अडचण फ्रीझरमध्ये नाही, खोलीत आहे. खोलीला नवे पॅनेल, जादा पंखे आणि दाराला पट्ट्यांचा पडदा लावला की त्याच बॅच फ्रीझरवर उत्पादन वाढलेलं दिसेल.

आता खऱ्या विषयावर येतो, म्हणजे दुकानातल्या डीप फ्रीजवर.

आपल्याकडे उन्हाळ्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा 45 अंश सहज ओलांडतात, दर्यापूरही मागे नसतं. बाजारातले बरेचसे डीप फ्रीज 43 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, तसं ते पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेलंही असतं. पानठेल्याच्या पत्र्याखाली दुपारी दोनला किती असेल ते तुम्हीच सांगा. त्यात दुकानदाराने फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवलेला, कंडेन्सरवर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, धूळ, वर बिस्किटांचे खोके रचलेले. कॉम्प्रेसर थांबतच नाही, तरी आत उणे 10 च्या खाली उतरत नाही. अशा फ्रीजमधला तुमचा कप उघडा. झाकण काढल्यावर आइस्क्रीम कडेपासून सुटून खाली बसलेलं दिसेल, वर पांढरी बर्फाची भुकटी, आणि चमचा घातला की कर्रकर्र आवाज. गिऱ्हाईक फ्रीजला दोष देत नाही, झाकणावरचं तुमचं नाव वाचतं.

हे होतं कसं ते समजून घ्या. आइस्क्रीममधलं सगळं पाणी कधीच गोठलेलं नसतं. तापमान उणे 18 वरून उणे 10 वर आलं की बारीक कण वितळतात, पुन्हा गोठताना ते पाणी मोठ्या कणांवर चढतं. रोज थोडं वर, थोडं खाली, असं आठ दिवस चाललं की माल गेला. स्टॅबिलायझर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा गम, वाढवून हे थोडं पुढे ढकलता येतं, थांबवता येत नाही. गवार गम जास्त घातला की आइस्क्रीम तोंडात चिकट लागतं, वितळतच नाही, आणि लोक म्हणतात यात काहीतरी पावडर आहे.

रात्री प्लग काढणारा दुकानदार ही दुसरी डोकेदुखी. त्याच्या बाजूने बघा: बिल दुकानाच्या दराने येतं आणि दहाच्या कपावर त्याला सुटतात दोन-अडीच रुपये. त्याला वाटतं, रात्री कोण आइस्क्रीम घेतंय, थंड तर आहेच. भांडून उपयोग नाही. मी दोन गोष्टी सुचवतो. एक, काचेच्या झाकणाचे फ्रीज फक्त बसस्टँड आणि बाजारपेठेतल्या चालत्या दुकानांना द्या. काच दिसायला छान, पण वीज जास्त खाते आणि ऊन आत घेते. खेड्यातल्या दुकानाला जाड, बंद झाकणाचाच द्या आणि झाकणावर मालाचं रंगीत चित्र चिकटवा. दोन, जिथे वीज वारंवार जाते तिथे थंडी साठवणाऱ्या प्लेटांचे फ्रीज, ज्यांना आपल्याकडे युटेक्टिक म्हणतात, ते घ्या. महाग पडतात. पण एप्रिल-मेमध्ये वादळ सुटलं, खांब पडले की आपल्या भागात लाइन रात्रभर येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या एका रात्रीत साध्या फ्रीजमधला माल पाणी होतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गोठवून विकला जातो. दूधदुभत्याच्या पदार्थात हा फक्त चवीचा मामला नाही, कुणाचं पोट बिघडलं तर गावात तुमचा माल बंद.

ड्रायव्हरला एक थर्मामीटर आणि एक वही द्या. माल उतरवायच्या आधी फ्रीजचं तापमान लिहायचं. उणे 15 च्या वर असेल तर त्या दिवशी फॅमिली पॅक आणि कप द्यायचे नाहीत, कांडी द्यायची. कांडी पाण्याची, तिला एवढा त्रास होत नाही. महिनाभराने वही उघडलीत की कुठल्या दुकानाला फ्रीज बदलून द्यायचा, कुठून उचलायचा, हे तुम्हाला माझ्याशिवाय कळेल. (एका ठिकाणी आमचा फ्रीज उघडला तर चोकोबारच्या बाजूला अर्धी कोंबडी. मालक म्हणतो, तुमचा माल संपला होता, जागा रिकामी कशाला ठेवू? त्याचंही चुकत नव्हतं म्हणा, गाडी पाच दिवस गेली नव्हती.)

यातूनच अंतराचा मुद्दा येतो. दर्यापूरहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर. जाऊन-येऊन चारशे, टोल, डिझेल, ड्रायव्हरचा मुक्काम, आणि तिथे गेल्यावर दर दुकानात आधीच कुणाचा तरी फ्रीज. त्याच पैशात मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर हा पट्टा घ्या, म्हणजे आपली शकुंतला रेल्वेगाडी जायची तोच मार्ग. तिकडे अकोट, इकडे चांदूर बाजार. सगळं दिवसभराच्या फेरीत. या पट्ट्यात अशी किती खेडी आहेत जिथे अजून एकही डीप फ्रीज नाही? तुमचा ड्रायव्हर एका फेरीत तीस दुकानं करतो असं धरा. त्याच रस्त्यावर आणखी वीस दुकानं लावली तर डिझेल जवळपास तेवढंच, ड्रायव्हरचा पगार तोच, माल दीडपटीहून जास्त. नवं शहर घेतलं तर पहिल्या दुकानापासून सगळा खर्च नव्याने. आणि एखाद्या दुकानाचा फ्रीज बिघडला तर दर्यापूरहून अंजनगावला मेकॅनिक तासाभरात पोचतो, नागपूरला पोचेपर्यंत माल सांडलेला असतो.

हे फक्त माझं मत नाही. आर. जी. चंद्रमोगन यांनी 1970 मध्ये चेन्नईत 13,000 रुपयांवर अरुण आइस्क्रीम सुरू केलं, तेही कांड्यांपासून. शहरात बडे ब्रँड बसलेले होते, म्हणून ते तमिळनाडूच्या लहान गावांकडे वळले, जिथे कुणी जात नव्हतं. तिथे पाय रोवला, पुढे त्याच घरातून हटसनसारखी मोठी डेअरी कंपनी उभी राहिली. आपल्याकडचं दिनशॉज 1932 मध्ये नागपुरात राणा कुटुंबातल्या दोन भावांनी दुधाच्या धंद्यातून सुरू केलं. त्यांचंही बळ आपल्याच भागात खोलवर पोचण्यात राहिलं. त्यांच्या घरच्या अंगणात, पहिल्याच वर्षी, कर्जाच्या पैशाने जाऊ नका एवढंच माझं म्हणणं.

मोठ्या कंपन्यांचं विचारलंत. 1997 पर्यंत आइस्क्रीम हे लघुउद्योगांसाठी राखीव होतं. तुमच्या बाबांनी 1994 मध्ये कारखाना काढला तेव्हा ते संरक्षण होतं, तीन वर्षांत ते उठलं, तरी कारखाना टिकला, याचा अर्थ घरात धंद्याची अक्कल आहे. पण 2025 मध्ये एक बदल झालाय तो नीट समजून घ्या. आइस्क्रीमवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. आनंदाची बातमी आहेच. पण ग्रामीण भागात बरेच छोटे उत्पादक थोडा माल बिलावर, थोडा बिलाशिवाय विकायचे आणि तो 18 टक्क्यांचा फरक हाच त्यांचा स्वस्तपणा होता. तुमच्याकडे तसं असेल असं मी म्हणत नाही. असेल तर तो आधार आता पाचवर आलाय, आणि त्यासाठी कच्ची वही ठेवण्यात राम नाही. सगळा माल बिलावर आणा. बँकेला खरी उलाढाल दिसेल, मशीन आणि फ्रीजवर भरलेला कर वजा करता येईल. आइस्क्रीम बनवणाऱ्याला कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठोक कर भरायची सोय) मिळत नाही, हे तुमच्या सीएला माहीत असेलच, पण तालुक्याच्या ठिकाणी एकदा विचारून खात्री करून घेतलेली बरी.

किमतीत मोठ्यांशी लढू नका. दहा रुपयांच्या कपात ते तुम्हाला कधीही झोपवतील. दुधाच्या बाबतीत मात्र लढता येतं. तुमच्या दारात पूर्णा खोऱ्यातली म्हैस आहे, दुधाला सहा-सातची फॅट लागते. कायद्याने नुसतं 'आइस्क्रीम' असं लिहायचं तर दुधाची फॅट किमान 10 टक्के, एकूण घन पदार्थ 36 टक्के, आणि एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान 525 ग्रॅम हवं. वनस्पती तेल घातलं की ते फ्रोजन डेझर्ट, तसं पाकिटावर लिहावंच लागतं. बरेच मोठे ब्रँडही काही माल फ्रोजन डेझर्टमध्ये काढतात, स्वस्त पडतो म्हणून. तुम्ही तिकडे जाऊ नका.

हिशेब करून दाखवतो. 100 किलो मिक्ससाठी 6 फॅटचं म्हशीचं दूध साडेचौसष्ट किलो, 40 टक्क्यांची क्रीम साडेपंधरा किलो, दूध पावडर साडेचार किलो, साखर 15 किलो, स्टॅबिलायझर-इमल्सिफायर अर्धा किलो. फॅट दहाच्या किंचित वर बसते, घन पदार्थ साडेछत्तीस. हे मिक्स 80 अंशांना 25 सेकंद, किंवा बॅचमध्ये 69 अंशांना अर्धा तास तापवायचं, होमोजिनाइझ करायचं (फॅटचे कण दाबाने बारीक फोडायचे), आणि 4 अंशांना निदान चार तास मुरवायचं. मुरवण्यात घाई करू नका, मे महिन्यात सगळे इथेच चोरी करतात आणि मग आइस्क्रीम पटकन पाघळतं. मिक्सचं वजन लिटरला साधारण 1,100 ग्रॅम. त्यात तेवढीच हवा भरली, म्हणजे ओव्हररन शंभर टक्के, तर आइस्क्रीम लिटरला 550 ग्रॅम. एकशे नऊच्या पुढे गेलात की 525 च्या खाली आलात, नियम मोडला. मी म्हणेन ऐंशीवर थांबा, लिटरला 611 ग्रॅम येईल. कप हातात घेतल्यावर जड लागतो आणि खेड्यातलं गिऱ्हाईक वजन हाताने ओळखतं. हवा विकून येणारा जादा नफा मोठ्यांना लखलाभ.

ज्याला वाटतं पावडर जास्त घातली की आइस्क्रीम दाट होतं, त्याने एवढं लक्षात ठेवावं: दुधाचे फॅटविरहित घन पदार्थ अकरा-साडेअकराच्या पुढे गेले की साठवणुकीत दुधातली साखर बारीक खड्यांनी बाहेर पडते आणि आइस्क्रीम वाळू मिसळल्यासारखं लागतं. बर्फाचा खडा जिभेवर वितळतो, हा वितळत नाही. तक्रार आली की आधी हे दोन वेगळे करा, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पाण्याचं विचारलं नाहीत, पण खारपाणपट्ट्यात बसून आइस्क्रीम करणाऱ्याला ते टाळता येत नाही. दर्यापूर, अंजनगाव, अकोट भागातलं बोअरचं पाणी खारं. कांडी आणि कुल्फीसाठी आरओ आहे का? असेल तर मेम्ब्रेन शेवटचं कधी बदललं? आणि कंडेन्सर पाण्याचा असेल तर त्याच्या नळ्यांत क्षार बसून मशीनचा दाब चढतो, वीज जास्त लागते, थंडी कमी मिळते, आणि मालक म्हणतो गॅस कमी झाला. गॅस भरणारा येतो, भरून जातो, बिल घेतो. नळ्या साफ करायला कुणी सांगत नाही. हंगामाआधी, जानेवारीतच, ते काम करून घ्या.

आता पैशाचं वेळापत्रक. बाहेरच्या सल्लागाराला हे कळत नाही, आपल्याला कळतं. म्हशी पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला जास्त वितात, म्हणून दूध हिवाळ्यात भरपूर आणि स्वस्त. तुमची मागणी मार्च ते जून, नेमकी दूध आटलेलं असताना. म्हणजे लोणी, क्रीम आणि पावडरीत पैसा डिसेंबर-जानेवारीत अडकवायला हवा, तेव्हा गल्ल्यात काही नसतं. दुसरीकडे, गावात रोकड येते कापूस-सोयाबीन-तुरीची, दिवाळीपासून माघापर्यंत. मेमध्ये लग्नं असतात, माल धडाधड जातो, दुकानदार म्हणतो पुढच्या फेरीला देतो. पुढची फेरी येते ती पेरणीच्या तोंडावर. बी-बियाणं, खत, शाळेचे कपडे, सगळ्यांचे हात रिकामे. 15 मेनंतर दिलेली उधारी कापूस विकल्याशिवाय येत नाही असं धरून चाला, काही तर तीही नाही. म्हणून मेच्या मध्यापासून फक्त रोख, नाहीतर कमिशन एक टक्का जास्त आणि रोख. पहिल्या वर्षी दुकानदार कुरकुर करतील, काही सोडतीलही. जाऊ द्या.

खेळत्या भांडवलाची मर्यादा बँकेकडून वेगळी मागा, मशीनच्या कर्जात मिसळू नका. आणि मुदतीच्या कर्जाचा हप्ता हंगामाप्रमाणे बांधून मागा: मार्च ते जून मोठा, पावसाळ्यात नुसतं व्याज. बँका हे करतात, कुणी मागत नाही म्हणून देत नाहीत. दीड कोटी 11 टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला अडीच लाखांच्या वर सरळ हप्ता बसतो, तो ऑगस्टमधल्या झडीतही भरावा लागेल. झडीत आइस्क्रीम कोण खातं?

पावसाळ्यात काय करायचं, हा सगळ्यांचा प्रश्न. काहीजण कारखाना बंद ठेवतात, माणसं सोडतात, मग फेब्रुवारीत नवीन माणसं शोधतात आणि पुन्हा शिकवतात. माझं मत दही, पनीर आणि श्रीखंडाच्या बाजूने आहे. दूध देणारा शेतकरी बारा महिने तुमच्याकडेच राहतो, हा मुख्य फायदा. पोळा, महालक्ष्म्यांची जेवणं, नवरात्र, कोजागरी, या सगळ्यांना दुधाचं काही ना काही लागतंच. नफा थोडा, पण पाश्चरायझर आणि माणसं गंजत नाहीत.

उन्हाळ्यातल्या यात्रा मात्र सोडू नका. चैत्रात पोहरादेवीची रामनवमी आणि चंद्रपूरची महाकाली यात्रा. माणसांचा पूर, डोक्यावर ऊन. या दोन दूरच्या ठिकाणी जाणं मला मान्य आहे, कारण तिथे फ्रीज लावून ठेवायचा नसतो, माल रोखीत विकून गाडी रिकामी आणायची असते.

चवींबद्दल थोडक्यात, कारण धाकटे भाऊ पुण्याहून आलेत म्हणजे ते नवीन चवी सुचवणारच. सीताफळ घ्या, आपल्याकडे डोंगरात पडतं तेवढं. त्याचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून मिक्स तापवून, थंड करून, मुरवल्यानंतरच घालायचा, आणि हंगामात काढलेला गर उणे 18 ला साठवायचा. अंजनगावचे पानमळे तुमच्या शेजारी आहेत, लग्नाच्या पंगतीत पानाचं आइस्क्रीम चांगलं जातं. संत्र्याचा मोह सगळ्यांना होतो, वरूड-मोर्शी जवळ आहे म्हणून. पण नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट व्हायला लागतो, आणि आंबटपणामुळे दूध फाटायची भीती. संत्र्याची कांडी करा, आइस्क्रीम नको.

अडकलात कुठे तर पुसदजवळच्या वरूडला (संत्र्याचं वरूड नव्हे) माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, दुग्ध तंत्रज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या पदवीधर पोरांपैकी एकजण पगारावर घ्या. मशीन विकणारा माणूस मशीन विकतो, तो तुमच्या मिक्सचा हिशेब करत नाही.

शेवटी घरातलं. हे लिहिताना थोडं स्पष्ट लिहितो, मोठे बाबांनी वाचलं तर राग मानू नये. एक गल्ला, त्यातून ज्याला लागेल त्याने घ्यायचं, लग्न, आजारपण, शिक्षण, गाडीचा टायर सगळं त्यातूनच, हे दोन भावांत चाललं. तीन चुलत-सख्ख्या भावांत, त्यांच्या बायका-पोरांत ते चालणार नाही. भांडणापर्यंत जाईलच असं नाही, पण नफा किती झाला हे कुणालाच कळणार नाही, आणि कळलं नाही की कर्ज घेणं म्हणजे डोळे बांधून चालणं. तिघांना पगार ठरवा, कामाप्रमाणे. मोठे बाबा आणि बाबांना पगार द्या, त्यांच्या हाताने वाटप बंद करा, सल्ला चालू ठेवा. काकू आणि मोठी आई पॅकिंगला बसत असतील, आणि बहुतेक घरांत बसतातच, तर त्यांचाही पगार त्यांच्या खात्यात. तेव्हाच एका कपाची खरी किंमत कळते. आज तुमच्या कपात त्यांची मजुरी शून्य धरलेली आहे.

आणि सातबारा काढा. कारखाना ज्या जमिनीवर उभा आहे ती कुणाच्या नावावर? आजोबांच्या नावावर असेल तर त्यात आत्यांचाही हक्क येतो, आणि तुमच्या बहिणींचाही विचार करावा लागेल. 2005 च्या कायदा दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. जमीन अकृषक झालेली आहे का? बँकेचा वकील हे दोन प्रश्न आधी विचारेल. तिथे फाईल अडण्यापेक्षा आत्याकडे आत्ताच, सगळे मिळून, मिठाई घेऊन जा आणि काय द्यायचं, काय लिहून घ्यायचं ते ठरवा. त्यानंतर भागीदारी लेख किंवा प्रायव्हेट लिमिटेड, काय ते सीए सांगेल; त्यात कुणी बाहेर पडलं तर त्याचा हिस्सा कशा भावाने मोजायचा हे लिहिलेलं हवं. हॅवमोर चोना कुटुंबाचं होतं, ते 2017 मध्ये कोरियाच्या लोटेने 1,020 कोटींना घेतलं. तुम्ही विकावं असं मी म्हणत नाही. पण कागद आणि वह्या नीट नसत्या तर त्यांनाही कुणी भाव दिला नसता.

कर्जाचं सांगून थांबतो. माझ्या अंदाजाने तुम्हाला यंदा चाळीस-पंचेचाळीस लाख पुरतील: हार्डनिंग रूमची दुरुस्ती आणि विस्तार, शंभर-सव्वाशे डीप फ्रीज, त्यातले निदान पंधरा युटेक्टिक, आरओ, जनरेटरची क्षमता वाढवणं, आणि एक चौथी गाडी, तीही जुनी चेसिस घेऊन नवी इन्सुलेटेड बॉडी बसवलेली. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. योजना अजून चालू आहे का आणि तुमची पात्रता काय, हे जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून घ्या, अर्ज मंजूर व्हायच्या आधी खरेदी करू नका. दुकानदाराला फ्रीज देताना करार लिहून घ्या आणि थोडी अनामत घ्या, फुकटात दिलेल्या फ्रीजमध्येच कोंबडी सापडते. पुढच्या जूनमध्ये ड्रायव्हरच्या वहीत निम्म्याहून जास्त दुकानं दुपारीही उणे 18 दाखवत असतील आणि तरीही हार्डनिंगची खोली रोज रिकामी होत असेल, तर कंटिन्युअस फ्रीझरचं कोटेशन मागवा. तासाला दीडशे ते दोनशे लिटरचं बघा, तीनशेचं नको.